सूक्ष्मवित्त कर्जांचे आलेखी विश्लेषण

सूक्ष्मवित्त बँकेचे कर्जवाटप, वसुली आणि थकबाकी यांची माहिती आलेख, रंगतक्ते व नकाशे यांच्या रूपात मांडून कर्जांचा दर्जा पारखण्याची पद्धत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्मवित्त कर्ज होय. रकमा लहान आणि खाती प्रचंड संख्येने असल्यामुळे एकेक खाते चाळून बँकेच्या प्रकृतीचा अंदाज येत नाही.

विश्लेषणाचा कच्चा माल कर्जदार गटांच्या केंद्र बैठकीत तयार होतो. ठरलेल्या दिवशी गटातील महिला जमतात आणि कर्मचारी देय हप्ता, जमा रक्कम व गैरहजेरी नोंदवतो. एखादीचा हप्ता गटातल्या इतर जणींनी वर्गणी काढून भरला, तर खाते नियमितच दिसते. संयुक्त दायित्वाच्या या व्यवस्थेमुळे अडचणीची पहिली खूण पुष्कळदा आकड्यांत उमटतच नाही.

सर्वांत प्रचलित निर्देशांक म्हणजे ‘पार-३०’ (पोर्टफोलिओ ॲट रिस्क, जोखमीतील कर्ज). ज्या कर्जांचा हप्ता ३० दिवसांहून अधिक काळ थकला आहे, त्यांची संपूर्ण मुद्दलबाकी (केवळ चुकलेले हप्ते नव्हे) एकूण येणे कर्जाच्या किती टक्के आहे, हे तो सांगतो. मात्र वेगाने वाढणाऱ्या बँकेत तो फसवा ठरतो. समजा, १०० कोटींच्या येण्यात ५ कोटी जोखमीत आहेत. प्रमाण ५ टक्के. वर्षभरात येणे २०० कोटी आणि जोखमीतील रक्कम ८ कोटी झाली, तर प्रमाण ४ टक्क्यांवर येते. नव्या कर्जांना थकायला अजून सवडच मिळालेली नसते; तरीही संचालक मंडळापुढे उतरती रेषा ठेवली जाते. त्या ८ कोटींतून ६ कोटी निर्लेखित केले (बुडीत धरून हिशेबातून वगळले), की प्रमाण सुमारे १ टक्का! म्हणून निर्लेखित रकमेचा स्तंभ त्याच चित्रात नसेल, तर त्या आलेखावर विश्वास ठेवू नये.

यावरचा उतारा म्हणजे वाटप-तुकड्यांचा आलेख. एका तिमाहीत वाटलेली सर्व कर्जे ही एक तुकडी. आडव्या अक्षावर वाटपानंतरचे महिने आणि उभ्या अक्षावर मूळ वाटपापैकी थकलेला हिस्सा घेतात. निर्लेखित कर्जेही त्यात धरतात. प्रत्येक तुकडीची रेषा सारख्याच वयाला तोलली जात असल्याने, अलीकडची रेषा सहाव्या महिन्यातच जुन्या रेषांच्या वर गेली, तर कर्जदार निवडण्यात ढिलाई झाली असावी असा संशय घेता येतो. याउलट सगळ्या रेषा एकाच तारखेच्या सुमारास वर वळल्या, तर कारण बाहेरचे असते. आंध्र प्रदेशात सूक्ष्मवित्त संस्थांवर निर्बंध घालणाऱ्या ऑक्टोबर २०१० च्या अध्यादेशानंतर वसुली कोसळली, ती नव्या-जुन्या सर्वच कर्जांवर. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भाच्या काही भागांत कर्जमाफीच्या अफवांनी हप्ते अडले. विदर्भासारखे धक्के स्थानिक असल्याने राज्याच्या सरासरीत विरून जातात. शाखानिहाय नकाशावर मात्र गडद ठिपक्यांचा पुंजका दिसतो.

थकबाकी पुढच्या टप्प्यात किती सरकते, हे रंगतक्त्यावरून कळते. ३०, ६० आणि ९० दिवस हे त्यातले टप्पे. ९० दिवसांनंतर खाते अनुत्पादक ठरते. पहिल्या टप्प्यातून बरीच खाती मागे, म्हणजे नियमित गटात येतात. दुसऱ्यातून परतणारी कमी असतात, म्हणून वसुली कर्मचाऱ्यांचे बळ पहिल्याच टप्प्यावर लावणे फायद्याचे.

कोविडमुळे दिलेल्या मार्च ते ऑगस्ट २०२० या हप्तेस्थगितीच्या काळात, स्थगिती घेतलेल्या नियमित खात्यांच्या थकीत दिवसांची मोजणीच थांबली होती. थकबाकीचे आलेख सपाट झाले. त्या महिन्यांत मूळ हप्त्यांच्या तुलनेत प्रत्यक्ष जमा किती, हेच प्रमाण उपयोगी होते. त्यातही आगाऊ फेड आणि जुनी थकबाकी मिसळली, की १०० टक्क्यांहून अधिक ‘वसुली’ दाखवता येते. एरवीही, जुने कर्ज फिटले त्याच दिवशी त्याच खातेदाराला मोठे नवे कर्ज दिलेली प्रकरणे वेगळ्या रंगात दाखवली, तर कागदोपत्री फिरवाफिरव कोणत्या शाखेत चालते हे उघड होते.