जुन्या मोटारीतील ‘लपंडाव’ खेळणारा विद्युत दोष कसा शोधावा?

जुनी छोटी मोटार ही अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांची पहिली मोटार असते. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या ‘मारुती ८००’चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले; मात्र ती आणि २००० मध्ये दाखल झालेली ‘अल्टो’ यांच्या जुन्या गाड्यांचे व्यवहार अद्याप होतात. अशा मोटारीतील सर्वांत त्रासदायक दोष म्हणजे कधी दिसणारा, कधी न दिसणारा विद्युत दोष. गाडी घाटात अचानक बंद पडते, रात्री हेडलाइट क्षणभर मालवतात आणि गॅरेजमध्ये नेल्यावर मात्र सारे सुरळीत चालते. मग अंदाजाने बॅटरी, अल्टरनेटर, प्रसंगी इंजिनाचा संगणकही बदलला जातो. खर्च होतो, दोष तसाच राहतो.

आधी नोंद, मग पाना

असा दोष मनमानी वाटला, तरी त्याला कारण असते. उष्णता, हादरे, ओलावा आणि विजेचा वाढलेला भार या चारपैकी एका कारणाने बहुधा तो प्रकट होतो. त्यामुळे गाडीत एक छोटी वही ठेवावी. इंजिन गार होते की तापलेले, पाऊस होता का, रस्ता खडबडीत होता का, दिवे किंवा पंखा सुरू होता का, हे प्रत्येक वेळी लिहावे.

गाडी बंद पडताच डॅशबोर्डकडे पाहावे. डॅशबोर्डवरील दिवे, हॉर्न असे सारेच गेले असेल, तर बॅटरीचे टर्मिनल, मुख्य फ्यूज किंवा अर्थची वायर यांवर संशय घ्यावा. दिवे लागलेले असून केवळ इंजिन बंद पडले असेल, तर इग्निशन स्विच, इंधनपंपाचा रिले, इग्निशन कॉइल किंवा क्रँकचा सेन्सर तपासावा लागतो. सेल्फ मारताना नुसताच ‘टक्’ आवाज येत असेल, तर बॅटरी, तिची जोडणी आणि सेल्फचा सोलेनॉइड यांपासून सुरुवात करावी. इंजिनाच्या वेगाबरोबर दिवे मंद-प्रखर होत असतील, तर अल्टरनेटर आणि त्याची जोडणी पाहावी.

मल्टिमीटरचे आकडे

साधा डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरतो. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. हा आकडा १२.२ च्या आसपास असल्यास ती निम्मी उतरलेली समजावी. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू असताना ते साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावे.

हे आकडे ठीक असूनही दोष राहिल्यास जोडण्यांकडे वळावे. गंजलेली जोडणी कमी भारावर निर्दोष भासते, हीच खरी फसगत असते. समजा, एखाद्या जोडणीत ०.०५ ओहम इतकाच रोध आहे. पार्किंगचा दिवा अर्धा अँपिअर घेत असेल, तर तेथे ०.०२५ व्होल्ट एवढीच घट होते आणि दिवा नीट लागतो. सेल्फला १०० अँपिअर लागले, तर त्याच जोडणीत ५ व्होल्ट खर्ची पडतात आणि सेल्फ फिरत नाही. म्हणून मोजमाप भार असतानाच करावे.

त्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवावी आणि दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारण्यास सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक घट दिसल्यास अर्थची वायर किंवा तिचे बोल्ट सदोष आहेत. पिन खांबावरच टेकवावी, टर्मिनलच्या पट्टीवर नव्हे. अन्यथा त्या दोहोंमधील गंज मोजमापातून निसटतो.

दोषाला डिवचा

दोष आपणहून दिसत नसेल, तर तो घडवून आणावा लागतो. इंजिन चालू ठेवून वायरिंगचे जुडगे आणि कनेक्टर एकेक करून हलक्या हाताने हलवावेत. फिरता पंखा आणि पट्टा यांपासून हात, कपडे दूर ठेवावेत. उष्णतेचा संशय असल्यास रिलेवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडावी.

बाहेरून बसविलेल्या वस्तू प्रथम तपासाव्यात. म्युझिक सिस्टीम, सेंट्रल लॉकिंग, जादा हॉर्न, सीएनजी किट यांसाठी मूळ वायर सोलून मारलेले जोड आणि त्यांवरील सैल झालेली चिकटपट्टी हे दोषाचे नेहमीचे ठिकाण आहे. कोकणातील दमट हवेत जोडण्या लवकर गंजतात. उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात.

एखादा फ्यूज अधूनमधून उडत असल्यास त्याच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब तात्पुरता जोडावा. वायर बॉडीला टेकली, की बल्ब प्रखर पेटतो. वायरिंग हलवताना तो ज्या ठिकाणी मंदावेल, तेथेच दोष सापडतो. एअरबॅगच्या वायरिंगवर हा प्रयोग कदापि करू नये.

हे टाळा

अधिक क्षमतेचा फ्यूज बसवू नये. १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी ३० अँपिअरचा हिरवा घातला, तर फ्यूजऐवजी वायर जळते आणि गाडीला आग लागू शकते. अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनात बॅटरीची वायर काढण्याची जुनी पद्धतही घातक आहे. त्यामुळे उसळणाऱ्या व्होल्टेजने इंजिनाचा संगणक निकामी होऊ शकतो.

‘चेक इंजिन’ दिवा असलेल्या गाडीत दोषाचा कोड बहुधा दोष नाहीसा झाल्यावरही साठून राहतो. तो स्कॅनरवर वाचण्यापूर्वी बॅटरी सोडवू नये, कारण अनेक गाड्यांत त्यामुळे कोड पुसला जातो. कोड कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे ते सांगतो. सेन्सरच बिघडला, असा त्याचा अर्थ नव्हे. त्या सेन्सरची वायर आणि कनेक्टर आधी पाहावेत.

दुरुस्तीनंतर पूर्वी केलेले मोजमाप पुन्हा करावे आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. नोंदीत आढळलेल्या परिस्थितीतच गाडी चालवून पाहावी. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे काम दिल्यास बदललेला सुटा भाग परत मागावा आणि तो कोणत्या मोजमापावरून सदोष ठरवला, हे विचारावे. गाडी विकत घेण्यापूर्वीही हे आकडे तपासून घेतल्यास पुढचा मनस्ताप बराच टळतो.