सद्दालपुत्राची मडकी आणि आपलं "कर्मात होतं"



चातुर्मासात आमच्या स्थानकात दुपारी बायकांचा स्वाध्याय असतो. यंदा उपासकदशांग सूत्र वाचायला घेतलं आहे. भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रं त्यात आहेत. मागच्या आठवड्यात सातवं अध्ययन झालं, सद्दालपुत्र कुंभाराचं. हिंदी पुस्तकांत सकडालपुत्र असं नाव असतं, तोच हा. वाचन संपल्यावर एका ताईंनी विचारलं, "सगळं आपल्या कर्मानं ठरलेलं असेल तर आपल्या हातात राहतं काय?" वेळ संपत आली होती, मांगलिक झालं आणि सगळ्या उठल्या. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. मग मी ते अध्ययन पुन्हा वाचलं आणि त्या काळाचा इतिहासही जमेल तसा वाचला. आज लेख जरा लांबणार आहे, भाजी निवडता निवडता वाचा.

सद्दालपुत्र जन्मानं आपला नव्हे, तो आजीवक होता. आजीवक म्हणजे मंखलिपुत्र गोशालकाचे अनुयायी. गोशालकाला आपण कथेतला खलनायक म्हणून ओळखतो, पण त्याचा संघ लहानसहान नव्हता. श्रावस्तीत त्याचं मोठं केंद्र होतं आणि हालाहला नावाच्या एका कुंभारणीच्या जागेत तो राहत असे. कुंभारांमध्ये त्याला बराच मान असावा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जे व्हायचं ते ठरलेलं आहे. माणसाच्या प्रयत्नानं, बळानं, पराक्रमानं काही बदलत नाही. सुख-दुःखाचे सगळे फेरे पुरे झाले की मूर्ख आणि शहाणा दोघंही आपोआप मुक्त होतात. बौद्धांच्या सामञ्ञफलसुत्तातही त्याचं हेच मत आलं आहे. म्हणजे फक्त आपल्याच आचार्यांनी ते त्याच्यावर लादलं असं म्हणता येत नाही. मात्र आजीवकांचे स्वतःचे ग्रंथ एकही उरले नाहीत. जे कळतं ते विरोधकांकडून कळतं, हे लक्षात ठेवून वाचलेलं बरं.

हे मत त्याला सुचलं कुठून? आवश्यक चूर्णीत एक प्रसंग आहे. गोशालक सुमारे सहा वर्षं भगवंतांबरोबर फिरत होता, त्या काळातला. वाटेत गुराखी खीर शिजवत होते. गोशालकाला भूक लागलेली, त्याला थांबायचं होतं. भगवंत म्हणाले, ही खीर होणार नाही, मडकं फुटेल. गोशालकानं जाऊन गुराख्यांना सावध केलं. त्यांनी मडक्याला बांबूच्या कामट्या बांधल्या, तरी ते फुटलंच. गोशालकानं अर्थ काढला, की होणारं टळत नाही.

हा प्रसंग मी व्याख्यानात कितीदा ऐकला असेन. पण आता वाचताना एका तपशिलावर थांबले. मडकं का फुटलं तेही तिथे दिलं आहे. त्यात तांदूळ जास्त घातले होते, ते फुगले. आपल्यापैकी कोणीही सांगेल की अशा वेळी कामट्या बांधून काय होणार, दोन वाट्या तांदूळ काढून घ्यायला हवे होते! सगळ्यांनी मडक्याकडे पाहिलं, आत काय घातलंय ते कोणी पाहिलं नाही. गोशालक कधी चुलीपाशी बसला नसावा, असं मला आपलं वाटून गेलं.

भगवती सूत्रातली तिळाच्या रोपाची गोष्टही अशीच आहे. रोपाला तीळ धरतील का, असं गोशालकानं विचारलं. भगवंत हो म्हणाले. त्यांना खोटं पाडायला त्यानं रोप उपटून फेकलं. पाऊस आला, रोपानं पुन्हा मूळ धरलं आणि एका शेंगेत सात तीळ निघाले. दोघांनी पाहिलं ते रोप एकच. एकानं पुढचं जाणलं होतं. दुसऱ्यानं त्यावरून सगळ्या जीवांसाठी कायदा करून टाकला.

आता सद्दालपुत्राकडे येते. पोलासपूर नगराचा हा कुंभार गरीब नव्हता. सूत्रात त्याचा ताळेबंदच दिला आहे. मी कॉमर्सची, त्यामुळे मला अशा ओळी वाचायला फार आवडतात. एक कोटी सुवर्ण ठेव म्हणून, एक कोटी व्याजानं लावलेलं, एक कोटी घराच्या वैभवात. दहा हजार गाईंचं एक गोकुळ. नगराबाहेर मडक्यांची पाचशे दुकानं, तिथे मजुरी घेऊन राबणारी माणसं. घागरी, रांजण, लहानमोठी भांडी घडवायची आणि राजमार्गावर नेऊन विकायची. एवढा पसारा सांभाळणारा माणूस म्हणतो की प्रयत्न असं काही नसतंच. गंमत आहे.

भगवंत पोलासपूरला आले आणि सद्दालपुत्राच्या विनंतीवरून त्याच्याच दुकानांच्या जागेत उतरले. एके दिवशी तो कच्ची मडकी आतून काढून उन्हात मांडत होता. भगवंतांनी विचारलं, ही कशी झाली? त्यानं सरळ सांगितलं. आधी माती होती, ती पाण्यात भिजवली, राख आणि शेण मिसळून मळली, चाकावर चढवली, मग मडकी झाली. भगवंतांनी विचारलं, हे प्रयत्नानं झालं की प्रयत्नाशिवाय? मातीचे हात तसेच असताना त्यानं उत्तर दिलं की प्रयत्नाशिवाय, सगळं नियत आहे.

इथे भगवंतांनी शास्त्रार्थ मांडला नाही. विचारलं की एखाद्यानं तुझी ही मडकी चोरली, फोडली, इकडेतिकडे फेकली, किंवा तुझी पत्नी अग्निमित्रा हिच्याशी दुर्वर्तन केलं, तर तू काय करशील? सद्दालपुत्र म्हणाला की त्याला शिव्या देईन, मारीन, बांधीन, जीवही घेईन. भगवंत म्हणाले, मग तुझ्या मतानं तर त्यानं काही केलंच नाही. सगळं ठरलेलं होतं, तर शिक्षा कोणाला आणि कशाची? आणि शिक्षा देणार असशील तर तुझं मत खोटं आहे.

सद्दालपुत्राला उमगलं. त्यानं श्रावकाची बारा व्रतं घेतली. अग्निमित्राही रथात बसून दर्शनाला गेली आणि तिनंही व्रतं घेतली.

मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की स्वतःच्या कामाबद्दल विचारलं तेव्हा त्याला नियती आठवली आणि दुसऱ्याच्या अपराधाबद्दल विचारलं तेव्हा क्षणात माणूस दिसला. आपण याहून वेगळं काय करतो? फक्त आपण नियती म्हणत नाही, कर्म म्हणतो.

पुढे गोशालक आपला श्रावक परत मिळवायला आला. सद्दालपुत्रानं त्याच्याकडे मान वळवली नाही. मग गोशालकानं भगवंतांची स्तुती केली, तेव्हा सद्दालपुत्रानं विचारलं की माझ्या धर्माचार्यांशी वाद कराल का? तो नाही म्हणाला. तरी सद्दालपुत्रानं त्याला राहायला जागा, पाट-फळ्या सगळं दिलं. धर्म म्हणून नव्हे, तुम्ही माझ्या गुरूंबद्दल चांगलं बोललात म्हणून, असं स्पष्ट सांगून. मत सुटलं म्हणून माणुसकी सोडली नाही, हे मला फार आवडलं.

आजीवक त्यानंतर संपले असं मात्र नाही. बिहारमध्ये गयेच्या उत्तरेला बराबरचे डोंगर आहेत. सम्राट अशोकानं राज्याभिषेकानंतर 12 व्या वर्षी तिथल्या दोन गुंफा आजीवकांना दिल्या, तसे लेख आत कोरलेले आहेत. त्याचा नातू दशरथ यानं शेजारच्या नागार्जुनी डोंगरावर तीन गुंफा दिल्या. आतल्या भिंती आरशासारख्या घोटलेल्या आहेत म्हणतात. काही लेखांतलं आजीवक हे नाव नंतर कोणीतरी छिन्नीनं खरवडून टाकलं आहे. शिखरजी, पावापुरी, राजगीरच्या यात्रेत आम्ही गयेजवळून गेलो, पण बसमध्ये बराबरचं नाव कोणी काढलं नाही. दक्षिणेत तर हा पंथ चौदाव्या शतकापर्यंत टिकून होता. तमिळमधल्या नीलकेशी या जैन काव्याची नायिका वेगवेगळ्या मतांच्या आचार्यांशी वाद करते, त्यात आजीवकही आहेत. वाद करणारी बाई आहे, हे मुद्दाम सांगतेय.

आणि हेही खरं की हे लोक आळशी नव्हते. कडक तप करायचे, उपासानं देह सोडायचे. सगळं ठरलेलं असेल तर तप कशासाठी, याचं त्यांच्याकडे काय उत्तर होतं ते आता कळायला मार्ग नाही.

मग आपल्याकडे कर्म आहे ते काय? ताईंचा प्रश्न तोच होता. आपल्या आचार्यांनी कोणत्याही कार्याला पाच कारणं मानली: काळ, स्वभाव, नियती, पूर्वकृत कर्म आणि पुरुषार्थ. सिद्धसेन दिवाकरांनी सन्मतितर्कात सांगितलं की यातलं एकच कारण धरून बसणं हे मिथ्यात्व. म्हणजे नियतीच सर्वस्व म्हणणारा जसा चुकला, तसा पूर्वकर्मच सर्वस्व म्हणणाराही चुकला. हे आपण व्याख्यानात ऐकतो आणि उंबऱ्यापाशी विसरतो. कर्मग्रंथ शिकलेल्या मैत्रिणींना उदीरणा, संक्रमण, अपवर्तन हे शब्द माहीत आहेत. बांधलेलं कर्म लवकर उदयाला आणता येतं, बदलता येतं, त्याची मुदत आणि तीव्रता कमी करता येते. निकाचित तेवढं भोगावंच लागतं. पण कोणतं निकाचित आहे हे तुम्हा-आम्हाला आधी कुठे ठाऊक असतं?

मी स्वतःला वहीच्या भाषेत समजावते. ओपनिंग बॅलन्स मागच्या वर्षाचा आहे, तो आज खोडता येत नाही. आजची एंट्री मात्र आपल्या हातची. आणि वर्षाच्या शेवटी तोटा निघाला तर तो सगळा ओपनिंग बॅलन्सवर ढकलता येत नाही, मधल्या बारा महिन्यांचा हिशेब द्यावाच लागतो.

हे सगळं लिहायला सोपं आहे. माझ्या घरातलं सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

माझ्या सासूबाईंना मधुमेह होता. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. पर्युषणाचे दिवस होते, घरात पुतणीची अठाई चालू होती. पारण्याची तयारी, पाहुणे, पत्रिका. एका रात्री बाईंना पांघरूण घालताना मला त्यांच्या पायाच्या अंगठ्याजवळ जखम दिसली. काळपट होती, वासही येत होता. मधुमेहात पायाला जखम झाली तर दुखत नाही आणि म्हणूनच ती जास्त घातक, हे मला माहीत होतं. डॉक्टरांनीच सांगून ठेवलं होतं. पण आता सांगितलं तर सगळ्यांची धावपळ होईल, पारणं झालं की नेऊ, असं मी ठरवलं. मी ठरवलं, दुसऱ्या कोणी नाही. कोणाला बोलले नाही, दिवा मालवला.

पारणं झालं, मग पाहुणे राहिले, मग संवत्सरी, खमतखामणा. नेईपर्यंत अकरा दिवस गेले. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

भेटायला येणारी प्रत्येक जण म्हणायची, असाता वेदनीय कर्माचा उदय, दुसरं काय. मीही म्हणायचे. त्यांच्या उशाशी बसून, त्यांना धीर म्हणून, मी स्वतः त्यांना ते ऐकवलं आहे. त्या ऐकून घ्यायच्या. जखम होणं त्यांच्या उदयाचं असेल. अकरा दिवस माझे होते. आणि ते माझे अकरा दिवस मी त्यांच्या खात्यावर टाकत होते.

सद्दालपुत्राच्या कथेचा शेवट आपण बहुधा घाईत उरकतो. उतारवयात तो पौषधात असताना रात्री एक देव येऊन त्याची परीक्षा घेतो. त्याच्या मुलांना मारल्याचं दाखवतो, तरी तो हलत नाही. मग देव म्हणतो की तुझी धर्मसहायिका, सुखदुःखातली सोबतीण अग्निमित्रा हिला मारतो. तेव्हा मात्र सद्दालपुत्र ओरडत उठतो आणि त्याला पकडायला धावतो. सगळी माया असते. आवाज ऐकून अग्निमित्रा येते आणि सांगते की असं काही झालेलं नाही, तुमचं व्रत भंगलं आहे, आलोचना करा. त्याला म्हणता आलं असतं की देवानं फसवलं, मी काय करणार. तो तसं म्हणत नाही. आलोचना करतो, प्रायश्चित्त घेतो.

आमच्या घरी पुढच्या संवत्सरीला सगळे बाईंच्या पाया पडून मिच्छामि दुक्कडम् म्हणून गेले. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर, नेहमीप्रमाणे. मी मागे थांबले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "बाई, अजाणता नाही. जखम मी आधीच पाहिली होती. पारणं होऊ दे म्हणून गप्प बसले."

त्या थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. मी जागी होते त्या रात्री."

मी रडायला लागले. त्यांनी पाठीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग म्हणाल्या, "ऊठ, माझी मुहपत्ती दे. प्रतिक्रमणाची वेळ झाली."