देवस्थानाला माफी, महाराला जुडी : करसवलतीचा हिशोब कुणी मागायचा?

जालन्याचा मस्तगड 1725 साली निजाम आसफजाहच्या हुकुमावरून काबिलखानाने बांधला. जिथून राज्याची हुकूमत चालायची, त्याच वास्तूत पुढे नगरपालिकेचे कार्यालय आले आणि घरपट्टीचा हिशोब होऊ लागला. म्हणून कुणी कर भरायचा आणि कुणाला माफी, हा प्रश्न मस्तगडावरूनच विचारू या.

"चर्चला, ट्रस्टला, एनजीओला करमाफी कशाला?" असा सवाल हल्ली जोरात विचारला जातो. विचारणाऱ्याचे बोट नेमके चर्चकडेच असते. देवळाच्या इनामाकडे ते कधी वळत नाही. म्हणून आधी इतिहास बघा.

गावाच्या जुन्या इनाम दप्तरात दोन नोंदी सापडतात. वर्ग 3 म्हणजे देवस्थान इनाम, वर्ग 6 ब म्हणजे महार वतन. देवस्थानाची जमीन पूजाअर्चेसाठी, सारामाफीची. आमची जमीन मात्र गावकी आणि सरकारी चाकरीच्या बदल्यात. रात्री-अपरात्री टपाल पोचवा, मेलेली जनावरे ओढा, साहेबाच्या घोड्यापुढे धावा, आणि वर जुडीही भरा! बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्ती बिल आणले. 1939 च्या डिसेंबरमध्ये हरेगावला वतनदारांची परिषद घेतली. ती लढाई याच अन्यायाविरुद्ध होती.

पुढे काय झाले? 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. वेठ गेली, ते चांगलेच झाले. पण तीच जमीन परत मिळवायला कब्जेहक्काची रक्कम भरावी लागली आणि सातबाऱ्यावर 'नवीन शर्त' चिकटली. देवस्थान इनामे मात्र शाबूत राहिली. निजामी मुलुखासाठी 1954 साली आलेल्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानेही धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे वगळलीच. देवाला माफी आणि माणसाला शर्त, असा हा न्याय.

आता चर्चचे बघू. 1843 साली ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण, स्कॉटिश मिशनचे. त्यांनी सालारजंगांच्या काळात निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल वसवले. तिथे आलेल्यांत मांग-महार मोठ्या संख्येने होते. ज्यांना गावच्या शाळेची पायरी बंद होती, त्यांच्या हाती तिथे पाटी आली. धर्मांतरामागचे मिशनचे हेतू तपासा, जरूर तपासा. पण सरकारी सवलतीच्या बदल्यात समाजाला काय मिळाले, हेही मोजा. देवस्थान इनामालाही तोच काटा लावा. ज्या देवळाने आम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याला माफी कशाच्या बदल्यात होती?

मग सगळ्यांचीच माफी रद्द करायची का? नाही. मित्रांनो, बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय तिचेच. अशा संस्थांवर सरसकट कर बसला, तर आधी बुडेल ती गरिबाची संस्था. गडगंज मठाला काही होणार नाही.

उलट कायद्यात आपल्या उपयोगाचे तत्त्व आहे, ते ओळखा. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 13 नुसार, तो कायदा लागू झाल्यानंतर एखाद्या विशिष्ट जातीच्या किंवा धर्मसमूहाच्या हितासाठी काढलेल्या धर्मादाय ट्रस्टला सूट नव्हती. मात्र अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठीची संस्था 'जातीची' धरली जात नव्हती. म्हणजे जातीचा कोंडवाळा सांभाळणे वेगळे आणि जातीने दाबलेल्यांना उभे करणे वेगळे, हे कायद्यालाही कळते.

महापालिका कायद्याचे कलम 132 तर अगदी सरळ आहे. केवळ सार्वजनिक पूजेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरली जाणारी इमारत सर्वसाधारण करातून मुक्त. तिथे धंदा चालला किंवा भाडे आले, की त्या भागाची सूट गेली. जालन्यात 2023 पासून महापालिका आहे. मंदिर असो, मशीद असो, चर्च असो की आपले विहार, रस्त्याकडेच्या गाळ्यांचे भाडे कुठे जाते, हे विचारायचा हक्क प्रत्येक करदात्याला आहे.

आपली भूमिका स्पष्ट हवी : माफी धर्माला नको, सेवेला हवी. दार सर्वांना उघडे, हिशोब सर्वांसमोर, आणि वारसाहक्काने चालणारी गादी असेल तर माफी बंद. हा नियम आधी आपल्या विहारांच्या ट्रस्टला लावा. दरवर्षीचा जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लिहा. मग ताठ मानेने देवस्थानाचा हिशोब मागा.

जय भीम!