खोक्यावरचे गाव

(न्हावा शेवा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे ‘परदेशातला किराणा’ हा विषय मी सुचवला, तेव्हा संयोजकांना वाटलं असेल, सरांचं वय झालं. वय तर झालंच आहे, सत्तरी उलटली. पण विषयामागे एक गोष्ट आहे, ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी न्यू जर्सीला मुलीकडे होतो. तिथल्या एका भारतीय दुकानात आम्ही महिन्याचा बाजार केला. पोहे, साबुदाणा, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, आमसुलं. सामान न्यायला दुकानदाराने एक रिकामं खोकं दिलं. घरी आल्यावर त्या खोक्याच्या कडेला मला इंग्रजी अक्षरं दिसली: माल चढवण्याचे बंदर, न्हावा शेवा. मी फोटो काढला आणि उरणकडच्या एका जुन्या विद्यार्थ्याला पाठवला. त्याचं घराणं मूळचं शेव्याचं. उत्तर आलं, “सर, आमच्या गावाचं नाव अमेरिकेला पोचलं. गाव मात्र जागेवर राहिलं नाही.”

आजचं व्याख्यान त्या उत्तराबद्दल आहे. पण तिथे पोचायला थोडा वळसा घालू या.

तोच हा देवदत्त

आपल्या दर्शनांमध्ये ‘प्रत्यभिज्ञा’ नावाची एक कल्पना आहे. देवदत्त नावाचा माणूस पूर्वी एका गावी पाहिलेला असतो. पुष्कळ वर्षांनी तो दुसऱ्याच गावी भेटतो आणि आपण म्हणतो, “तोच हा देवदत्त.” यातला ‘तो’ आठवणीतला, ‘हा’ डोळ्यांसमोरचा. काळ वेगळा, ठिकाण वेगळं, तरी माणूस एकच, असं नैयायिक म्हणतात. बौद्ध म्हणाले, थांबा. दिव्याची ज्योत आपल्याला एकच वाटते, पण ती क्षणोक्षणी नवी असते. तुम्ही ज्याला ‘तोच’ म्हणता, ते फक्त सारखेपण आहे.

हा वाद शतकानुशतके चालला. मला तो नीट कळला, तो न्यू जर्सीत पोह्यांच्या पुड्यासमोर. परदेशातल्या किराणा दुकानदाराचा सगळा व्यापार ‘तोच हा’ या दोन शब्दांवर उभा असतो. भूक भागवायला तिथे काय कमी आहे? गिऱ्हाईक पैसे मोजतं ते ओळख पटण्यासाठी.

साहेबाचा डबा

या व्यापाराची मुंबईतली जुनी गिऱ्हाइकं कोण होती? साहेब लोक. आपण परक्या देशात आहोत हे त्यांना जेवणाच्या टेबलावर तरी विसरायचं असे. हवाबंद डब्याचा शोध १८१० च्या सुमाराचा. त्यानंतर विलायतेचे मांस, मासे, मुरंबे आणि बिस्किटे डब्यांतून समुद्रापार जाऊ लागली. आधी गलबते केप ऑफ गुड होपला वळसा घालून महिनोन्‌महिने येत. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि लंडन एकदम जवळ आले. आपले क्रॉफर्ड मार्केटही त्याच वर्षीचे, आज ज्याला आपण महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतो ते.

लंडनमध्ये १८७१ साली सैन्यातल्या आणि आरमारातल्या अधिकाऱ्यांनी स्वस्तात माल मिळावा म्हणून एक सहकारी सोसायटी काढली, आर्मी अँड नेव्ही. तिचे मुंबईचे दुकान १८९१ मध्ये उघडले. काळा घोड्याजवळची ती इमारत अजून उभी आहे. या दुकानाचा जाडजूड कॅटलॉग असे. चीजपासून तंबूपर्यंत वाटेल ते मागवता येई. गंमत बघा, बाहेर मंडईत ताजी भाजी, ताजी मासळी, आणि प्रतिष्ठेच्या मेजवानीला मात्र डबा फोडायचा! कर्नल केनी-हर्बर्ट नावाच्या मद्रासच्या अधिकाऱ्याने १८७८ च्या आपल्या पाकपुस्तकात या डबाबंद हौसेवर चांगलेच तोंडसुख घेतले आहे.

ते आपल्यावर राज्य करत होते, म्हणून त्यांचं हसू करणं सोपं आहे. पण त्यांच्याच देशाचे लोक आज स्पेनच्या किनाऱ्यावर निवृत्तीनंतर राहतात, आणि उन्हात बसून इंग्लंडचा चहा, बेकन आणि टोमॅटोतल्या घेवड्याचे डबे शोधतात. त्यासाठी तिथे खास ब्रिटिश मालाची दुकानं आहेत. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, मांस आणि दुधाचे पदार्थ तिकडे नेण्यावर निर्बंध आले. त्या जानेवारीत हॉलंडच्या बंदरावर कस्टमच्या माणसांनी ड्रायव्हरांची सँडविचं काढून घेतली, ते जगाने टीव्हीवर पाहिलं. साम्राज्य गेलं, सँडविचही गेलं. म्हणजे घरची चव ही सत्तेची गोष्ट नाही. ज्याने घर सोडलं, त्या प्रत्येकाची आहे.

मलिदा आणि आडनाव

आता आपली माणसं बघू. १८३४ पासून मॉरिशसला गिरमिटिये मजूर जाऊ लागले. पुढे मुंबई बंदरातूनही माणसे गेली. त्यांत रत्नागिरीकडची मराठी कुटुंबे होती. त्यांना कॅटलॉग कुठला? करारात ठरलेला शिधा मिळे, तांदूळ, डाळ, तूप, मीठ. साहेब घरची चव विकत घेत होता, मजुराला ती मापून दिली जात होती. हा फरक लक्षात ठेवा.

दुसरे उदाहरण आपल्या याच जिल्ह्यातले, बेने इस्रायलींचे. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा या पट्ट्यात शतकानुशतके राहिलेला हा मराठी बोलणारा ज्यू समाज. तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १९४८ नंतर यातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. जाताना काय नेले? एक तर आडनावे. पेणकर, रोहेकर, नागावकर, किहीमकर. गाव सुटले, आडनावात राहिले.

आणि दुसरा मलिदा. एलियाहू हन्नाबीच्या नावाने नवस फेडताना भिजवलेल्या पोह्यांत नारळ, साखर, वेलची घालायची आणि फळांसह ताट मांडायचे. आता मला सांगा, धर्म इब्रानी, संदेष्टा इब्रानी, आणि प्रसाद कशाचा? कोकणातल्या पोह्यांचा! ज्या देशाला ते ‘परतले’ त्या देशात पोहे नव्हते. आज लोद, अश्दोद, दिमोना अशा शहरांत भारतीय किराण्याची दुकाने आहेत. तिथे पोह्याचा पुडा घेणारी बाई पोटासाठी घेत नाही, विधीसाठी घेते. घर नेमके कुठले, इकडचे की तिकडचे, हा प्रश्न त्या पुड्याने अवघड करून ठेवला आहे.

कंटेनर आणि टिकणारे घर

अमेरिकेने १९६५ मध्ये आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर तिकडे जाऊ लागले. १९७४ साली शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर पटेल ब्रदर्स हे दुकान सुरू झाले. आज देशभर त्याच्या शाखा आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही त्याच शिकागोत, १९८१ मधली. आखातात मराठी माणसाने हा धंदा स्वतः केला. महादेव दातार यांनी १९८४ मध्ये दुबईत छोटे दुकान काढले. त्यांचे पुत्र धनंजय दातार यांनी त्यातून ‘अल अदिल’ हा मसाले, पिठे, लोणची विकणारा मोठा उद्योग उभा केला. १९८४ हे साल मनात ठेवा, त्याकडे परत यायचे आहे.

पण या सगळ्यांना मोठे केले ते एका पत्र्याच्या पेटीने. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या घेऊन एक जहाज निघाले, आणि मालवाहतुकीची रीतच बदलली. पूर्वी गोणी पाठीवर चढायची, पाठीवर उतरायची, वाटेत फुटायची. आता गोदामात पेटी भरली, सील लावले, की ती परक्या गावच्या गोदामातच उघडते. आपले हे बंदर त्याच युगासाठी बांधलेले. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. आज वर्षाला वीस फुटी पेटीच्या हिशोबाने ७० लाखांहून अधिक पेट्या इथून ये-जा करतात.

किराण्याच्या दृष्टीने यात मोठी सोय अशी, की एकाच पेटीत शंभर जिनसा भरता येतात. थोडे पोहे, थोडे पापड, लोणच्याच्या बरण्या, आमरसाचे डबे. पेणच्या गणपतीच्या मूर्तीसुद्धा भाद्रपदाच्या कितीतरी आधी, उन्हाळ्यातच, याच मार्गाने निघतात.

मात्र पेटीची एक अट आहे. जे टिकेल तेच जाईल. महिनाभर समुद्र, त्याआधी तपासणी, त्यानंतर फळीवरचे महिने. म्हणून कोरडे जाते, खारवलेले जाते, शीतपेटीत गोठवलेली पुरणपोळी जाते. मग परदेशात वाढलेल्या मुलाला ‘मराठी जेवण’ म्हणजे काय वाटणार? ज्याची मुदत लांब, ते! साहेबाच्या डब्याचं इंग्लंड असंच मुदतीने ठरवलेलं होतं. आपलंही तसंच होत चाललं आहे.

शिवाय मुदतीच्या जोडीला सरकार असते. २० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. देशात भाव वाढत होते, कारण समजण्यासारखे होते. पण अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत झुंबड उडाली, माणशी एकच पोते अशा पाट्या लागल्या. कोलम, आंबेमोहोर सगळे त्या बंदीत आले. ती उठली सप्टेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडे जाणारी जहाजे पुन्हा केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. दीडशे वर्षांनी किराणा पुन्हा जुन्या वाटेने!

आणि शेवा?

आता त्या विद्यार्थ्याच्या उत्तराकडे येतो.

हा खाडीकाठ आगरी-कोळ्यांचा. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाजणं, त्यात भात, उन्हाळ्यात मीठ, खाडीत जिताडा, अंगणात वाळत घातलेला जवळा. नवी मुंबई आणि बंदरासाठी ही जमीन संपादित झाली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि नवघर इथे, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात, गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या लढ्यातून आले. इथे बसलेल्यांना हे मी सांगायला नको. व्याख्यान ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो.

शेवा गाव उठले. शेवा कोळीवाड्यातली माणसे उरणला हनुमान कोळीवाड्यात वसवली गेली आणि तिथली घरे वाळवीने पोखरली. त्या पुनर्वसनाचा झगडा पुढे कित्येक वर्षे चालला.

एकाच वर्षी, १९८४ मध्ये, दुबईत मराठी माणसाला घरची चव विकणारे दुकान निघाले आणि इथे घर वाचवताना माणसे गेली. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. तसा दावा मी करणार नाही, तर्कशास्त्र शिकवलंय. पण दोन्ही एकाच खोक्यावर येऊन भेटतात.

न्यू जर्सीत माझी मुलगी दुकानात जाते आणि ‘तोच हा’ म्हणते. ती हजारो मैल लांब गेली तरी तिच्यासाठी कोणीतरी पेटी भरतं. शेव्याची आजी पाच-सात मैलच सरकली. तिच्या खाजणातला भात, तिच्या खाडीतला जिताडा तिला कोण पाठवणार? त्याची पेटी कुठल्या बंदरातून निघणार? जो दूर गेला त्याला विकत घ्यायला दुकान आहे. ज्याच्या पायाखालचं गाव गेलं, त्याला नाही. मॉरिशसच्या मजुराचा आणि साहेबाचा फरक मी मघाशी लक्षात ठेवायला सांगितला, तो यासाठी.

बंदर नको होतं, असं मी म्हणत नाही. माझ्याच मुलीचे पोहे इथून जातात, मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण ज्याच्या अंगणातून जगाची घरं रवाना होतात, त्याचं देणं फक्त भूखंडाच्या टक्क्यांत मोजून संपतं, हे मला पटत नाही.

करायला काय सांगू? एक साधं काम सांगतो. इथल्या शाळा-कॉलेजच्या मुलांनी आजीजवळ वही घेऊन बसावं. खाजणात कुठल्या जातीचं भात होतं, कुठल्या बांधाला काय नाव होतं, कुठल्या भरतीला काय मासळी लागायची, जवळा कसा राखायचे, हे आजीच्या शब्दांत लिहून घ्यावं. चव पेटीत घालता येते. ती ज्या जागेवर होत होती ती जागा पेटीत येत नाही. निदान वहीत तरी येऊ दे. आजी आहे तोवरच हे काम होईल.

 आता प्रश्न विचारा. चहा बाहेर तयार आहे असं मला खुणेने सांगतायत, पण आधी प्रश्न.