तारीख बदलते तेव्हा

लहान मुलांसाठी लिहिलेला इतिहास सहसा निःशंक असतो. त्यात राजे जन्मतात, लढतात, जिंकतात. परंतु हे सारे आपल्याला कशावरून कळले, हा प्रश्न पानावर क्वचितच उमटतो. मुलांना गोष्ट हवी असते, पुराव्यांची उठाठेव नको, अशी आपणच आपली समजूत घालून घेतली आहे.

एर्न्स्ट गोम्ब्रिख यांचे मुलांसाठी लिहिलेले जगाच्या इतिहासाचे जर्मन पुस्तक १९३५ साली व्हिएन्नात प्रसिद्ध झाले. १९८५ साली नवी आवृत्ती निघाली, तेव्हा त्यांनी अखेरीस एक प्रकरण जोडले. पहिल्या महायुद्धाचा शेवट आणि अध्यक्ष विल्सन यांची आश्वासने यांविषयी आपण पूर्वी लिहिले ते चुकले होते, अशी कबुली त्यात आहे. भोवतालचे लोक जे मानत होते, तेच त्यांनी न पडताळता मानले होते. जुना मजकूर गुपचूप बदलणे सोपे होते. त्यांनी आपली चूक बालवाचकांसमोर ठेवली.

आपल्याकडेही अशी संधी आहे. शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ मधला, असे पूर्वी सर्रास मानले जाई. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रकाशात आणली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती. महाराजांच्या हयातीतच रचलेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी आढळली. पुढे शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

मुलांच्या पुस्तकात मात्र यातले काय उतरते? केवळ बदललेला आकडा. कोणते साधन केव्हाचे, ते कोणी लिहिले, दुसरे साधन त्याला दुजोरा देते का, हे प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला झेपणारे आहेत. वर्गात काच कोणी फोडली, याचा तपास ते याच रीतीने करत असते.

कारणांवाचून दिलेली नवी तारीख ही एका पक्षाची सरशी वाटते, आणि मग मोठेपणी इतिहासाचे वाद आवाजाच्या बळावर खेळले जातात. महाराजांविषयीचा आदर या चिकित्सेने उणावत नाही. ज्याच्याविषयी आदर आहे त्याची तिथीसुद्धा नीट शोधावी, हीच तर त्या आदराची रीत.