पॅलिम्प्सेस्ट

१२. पॅलिम्प्सेस्ट : मूळ ग्रीक, ‘पालिन’ म्हणजे पुन्हा, ‘प्सेस्तोस’ म्हणजे खरवडलेले. चर्मपत्र महाग, म्हणून जुना मजकूर खरवडून त्यावरच नवा लिहीत. या शब्दाचा ‘अनेक थर असलेले’ एवढाच अर्थ घेणे अपुरे आहे. आधीचे कोणीतरी मुद्दाम पुसले, हे त्यात महत्त्वाचे. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली प्रत अशीच खरवडली गेली. पाने आडवी फिरवून, मधोमध दुमडून १२२९ मध्ये त्यांचे प्रार्थनापुस्तक झाले. १९०६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे अभ्यासक योहान हायबर्ग यांनी प्रार्थनांच्या ओळींना छेदून जाणारी फिकट अक्षरे भिंगातून वाचली. त्यांत सापडलेल्या, आर्किमिडीजच्या ‘यांत्रिक प्रमेयांची पद्धत’ या ग्रंथाची दुसरी प्रत आजवर मिळालेली नाही. — संपा.