मोलॅरिटी आणि वस्तुमानावरून द्रावणाचे आकारमान कसे काढतात?

सलाईनची ५०० मिलिलिटरची बाटली तुम्ही पाहिली असेल. नेहमीच्या सलाईनवर '०.९ टक्के सोडियम क्लोराइड' असे लिहिलेले असते, म्हणजे त्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ असते. हेच मीठ जास्त पाण्यात गेले, तर पाणी रक्तातील तांबड्या पेशींत शिरते आणि त्या फुगून फुटू शकतात. कमी पाण्यात राहिले, तर पेशींतले पाणी बाहेर येते आणि त्या आकसतात. म्हणून ठरावीक वस्तुमानापासून किती द्रावण करायचे, हे नेमके काढावे लागते.

मोलॅरिटी म्हणजे काय?

एक लिटर द्रावणात द्राव्याचे किती मोल आहेत, ती संख्या म्हणजे मोलॅरिटी. एक मोल म्हणजे पदार्थाच्या रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम. मिठासाठी (सोडियम २३ + क्लोरीन ३५.५) हा आकडा ५८.५ ग्रॅम आहे.

सूत्र कोणते?

आकारमान (लिटर) = वस्तुमान (ग्रॅम) ÷ (रेणुवस्तुमान × मोलॅरिटी)

पाठ करण्यापेक्षा दोन पायऱ्या लक्षात ठेवा. आधी ग्रॅमचे मोल करा, मग मोलना मोलॅरिटीने भागा.

सलाईनचे उदाहरण घेऊ. सलाईनची मोलॅरिटी ०.१५४ असते.

पायरी १: ४.५ ÷ ५८.५ = ०.०७७ मोल
पायरी २: ०.०७७ ÷ ०.१५४ = ०.५ लिटर, म्हणजे ५०० मिलिलिटर

बाटलीवरचा आकडा बरोबर जुळला. (हे फक्त गणित आहे. शिरेतून देण्याचे सलाईन निर्जंतुक असावे लागते, ते घरी करायचे नसते.)

चुका कुठे होतात?

१. पाणी आणि द्रावण यांत गल्लत. उत्तर येते ते तयार द्रावणाचे आकारमान, ओतायच्या पाण्याचे नव्हे. साखरेचा एक मोल म्हणजे ३४२ ग्रॅम. तेवढी साखर एक लिटर पाण्यात विरघळवली, तर द्रावण सुमारे १.२ लिटर होते आणि मोलॅरिटी १ ऐवजी साधारण ०.८३ भरते. म्हणून प्रयोगशाळेत पदार्थ आधी थोड्या पाण्यात विरघळवतात, मग व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कच्या खुणेपर्यंत पाणी भरतात.

२. स्फटिकातले पाणी विसरणे. ऑक्झॅलिक आम्लाच्या नेहमीच्या स्फटिकांत प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात. त्यामुळे रेणुवस्तुमान ९० नव्हे, १२६ धरायचे. ६.३ ग्रॅम स्फटिकांपासून ०.१ मोलॅरिटीचे द्रावण करायचे आहे. ६.३ ÷ १२६ = ०.०५ मोल, आणि ०.०५ ÷ ०.१ = ०.५ लिटर. चुकून ९० धरले, तर उत्तर ७०० मिलिलिटर येते आणि द्रावणाची खरी मोलॅरिटी ०.०७१ राहते. बारावीच्या प्रात्यक्षिकात याच द्रावणावरून पोटॅशियम परमँगनेटची तीव्रता काढतात. पहिला आकडा चुकला की ब्युरेटचे वाचन कितीही काळजीपूर्वक घ्या, पुढचे उत्तर चुकणारच.

३. लिटर की मिलिलिटर? सूत्रातून उत्तर लिटरमध्ये मिळते. मिलिलिटर हवे असतील, तर १००० ने गुणा.

पडताळा कसा घ्यायचा?

उलटे गणित करा. मोलॅरिटी × लिटर × रेणुवस्तुमान केल्यावर घेतलेले ग्रॅम परत मिळाले पाहिजेत. ०.१ × ०.५ × १२६ = ६.३. जुळले, तर आकडेमोड बरोबर. मात्र रेणुवस्तुमानच चुकीचे धरले असेल, तर ती चूक या पडताळ्यात सापडत नाही. त्यासाठी बाटलीच्या लेबलवरचे सूत्र आणि रेणुवस्तुमान आधीच वाचा.